हालेचं ते दार
इस्रायल गाझात जे करतं त्यामुळेच ज्यूंवर हल्ले होतात, असं काही जण म्हणतात, पण एवढं सोपं नाहीये हो ते. जर्मनीतल्या हाले शहरात ९ ऑक्टोबर २०१९ ला, योम किप्पुर या ज्यूंच्या पवित्र सणाच्या उपासाच्या दिवशी, सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) पन्नासेक माणसं प्रार्थनेला बसलेली आणि बाहेर एक निओ-नाझी (हिटलरचा विचार मानणारा) घरी बनवलेल्या बंदुका घेऊन दारावर गोळ्या झाडतोय, तेही लाइव्ह स्ट्रीम करत! लाकडी दार टिकलं म्हणून आतले वाचले, पोलीस पहारा तर नव्हताच. रस्त्याने जाणारी एक बाई आणि कबाबच्या दुकानातला एक तरुण मात्र गेले, दोघंही ज्यू नव्हते. व्हिडिओत बडबड काय, तर फेमिनिझम, स्थलांतरित, सगळ्याच्या मुळाशी म्हणे ज्यू. यात गाझा कुठंय?