अमेरिकेत अणुबॉम्बचा हुकूम एकट्या राष्ट्राध्यक्षाच्या हातात कधी गेला, आणि का?

निवांत_पाटील
शनिवारी मित्रांच्या अड्ड्यावर हा विषय निघाला आणि मग नेहमीप्रमाणे भांडण. अमेरिकेत साधं युद्ध पुकारायला सुद्धा काँग्रेस लागते (निदान कागदावर तरी), बजेटसाठी तर सरकार बंद पाडतात लोक, आणि अण्वस्त्रं सोडायला मात्र एका माणसाचा शब्द पुरतो, संरक्षणमंत्र्याची सही पण लागत नाही. हे आहे एवढं माहितीये. प्रश्न असा की हे ठरवलं कोणी? घटनेत तर असणं शक्य नाही, तेव्हा बॉम्बच नव्हता. कोणीतरी बसून कायदा केला की आपोआप होत गेलं?

रिकामा_वेळ
आपोआप नाही, पण कायद्याने पण नाही. गंमत म्हणजे सुरुवात लष्कराला आवरायला झाली.

हिरोशिमाचा हुकूम काढून बघ. २५ जुलै १९४५, सही जनरल हँडीची, कारण लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल तेव्हा जर्मनीत पॉट्सडॅमच्या परिषदेला होता. ३ ऑगस्टच्या सुमारास हवामान बघून पहिला बॉम्ब टाका, हिरोशिमा, कोकुरा, निगाता, नागासाकी यातलं एक शहर, आणि पुढचे बॉम्ब जसे तयार होतील तसे टाकत जा. राष्ट्राध्यक्ष ट्रुमनची सही त्यात कुठेच नाही. संमती होती अर्थात, पण नागासाकीसाठी वेगळा हुकूम लागलाच नाही, पहिल्याच कागदावर काम भागलं.

मग १० ऑगस्टला बॉम्ब प्रकल्पाचा प्रमुख जनरल ग्रोव्ह्जने मार्शलला चिठ्ठी पाठवली की पुढचा बॉम्ब १७-१८ ऑगस्टनंतर टाकता येईल. मार्शलने त्याच कागदावर खाली हाताने लिहिलं की राष्ट्राध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीशिवाय हा जपानवर सोडायचा नाही. माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं उत्तर ही हाताने लिहिलेली एक ओळ आहे. त्याच दिवशी कॅबिनेटमध्ये ट्रुमन म्हणाला की आणखी लाखभर माणसं मारायची कल्पना सहन होत नाही, सगळी लहान पोरं. वॉलेस म्हणून मंत्री होता त्याच्या डायरीत हे आहे.

पुढे १९४६ चा अणुऊर्जा कायदा, त्याने बॉम्ब चक्क नागरी आयोगाच्या ताब्यात दिले. जुलै १९४८ मध्ये, बर्लिनची नाकेबंदी चालू असताना, लष्कराने मागणी केली की बॉम्ब आमच्याकडे द्या, आयत्या वेळी धावपळ नको. ट्रुमनने साफ नाही म्हटलं. कुठल्यातरी उत्साही लेफ्टनंट कर्नलने बॉम्ब कधी टाकायचा ते ठरवावं असं मला नकोय, अशा अर्थाचं त्याने संरक्षणमंत्री फॉरेस्टलला सुनावलं. सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचा एनएससी-३० नावाचा धोरणाचा कागद आला, वापराचा निर्णय राष्ट्राध्यक्षाचा. बस. संसदेत ना चर्चा ना मतदान.

चिंचेचं_झाड
म्हणजे पिसाळलेल्या जनरलपासून वाचायला व्यवस्था केली आणि राष्ट्राध्यक्षच पिसाळला तर काय याचा विचारच केला नाही. वा रे वा.

गाभुळलेला
रिकामा_वेळ यांचं बरोबर आहे पण चित्र जरा जास्तच स्वच्छ रंगवलंय. "एकट्या राष्ट्राध्यक्षाच्या हातात" हे बरीच वर्षं कागदावरच होतं.

कोरियाच्या युद्धाचं बघा. ३० नोव्हेंबर १९५० ला पत्रकार परिषदेत ट्रुमन बोलून गेला की शस्त्र वापरायचं ते रणभूमीवरचा कमांडर बघेल. कमांडर म्हणजे तिथला सेनापती मॅकार्थर! व्हाइट हाउसने लगेच खुलासा काढला पण तोवर लंडनमध्ये तारांबळ, ब्रिटिश पंतप्रधान ॲटली विमान पकडून वॉशिंग्टनला. आणि एप्रिल १९५१ मध्ये ट्रुमननेच नऊ बॉम्बचे गाभे (ज्यात अणुस्फोट होतो तो आतला भाग) हवाईदलाच्या ताब्यात दिले, त्याच आठवड्यात मॅकार्थरला घरी पाठवलं.

पुढचा राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरने तर दारच उघडलं. वॉशिंग्टनच उडालं, संपर्क तुटला तर कमांडरांनी आपल्या अधिकारात वापरावं अशी आगाऊ परवानगी, १९५७ मध्ये मंजूर आणि १९५९ मध्ये सविस्तर सूचना. लोकांना हे कळायला १९९० चं दशक उजाडलं.

आणि युरोपात काय चाललं होतं ते ऐका. १९६० च्या अखेरीस काँग्रेसच्या समितीचे लोक नाटोचे तळ बघायला गेले, बरोबर लॉस अलामोस या अण्वस्त्र प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ हॅरल्ड अ‍ॅग्न्यू. तिथे जर्मन लढाऊ विमानं धावपट्टीपाशी उभी, विमानांवर जर्मन खूण, आत जर्मन पायलट, खाली अमेरिकन बॉम्ब लावलेला आणि राखणीला एक अमेरिकन पोरगा रायफल घेऊन. अमेरिकेचा "ताबा" म्हणजे तो पोरगा. अ‍ॅग्न्यू यांचे धाबे दणाणले. सँडिया प्रयोगशाळेत बॉम्बला कुलूप घालायचं काम चालू होतंच, ते त्यांनी उचलून धरलं, कोड आल्याशिवाय बॉम्ब पेटणारच नाही असं. केनेडीने जून १९६२ मध्ये युरोपातल्या शस्त्रांना ते लावायचा हुकूम काढला. माझ्या दृष्टीने खरा राजकीय ताबा तिथून सुरू होतो, कुलुपापासून. आधी सगळा भरवसा माणसांच्या शिस्तीवर.

(जाता जाता, ब्रिटिश हवाईदलाचा बॉम्ब १९९८ पर्यंत सायकलच्या कुलपाला असते तसल्या किल्लीने चालू व्हायचा. कोड वगैरे काही नाही.)

ट्रॉम्बे_लोकल
आपल्याकडे उलटं झालं हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. अमेरिकेत बॉम्ब लष्कराने बनवला आणि मग नागरी सरकारने त्यांच्याकडून तो काढून घेतला, आपल्याकडे तो पहिल्यापासून अणुऊर्जा खातं आणि पंतप्रधान एवढ्यांच्यातच राहिला. १९७४ च्या पोखरण चाचणीचं प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या सायरस अणुभट्टीतलं, निर्णय इंदिरा गांधी आणि सेठना, रमण्णा वगैरे मोजक्या अणुशास्त्रज्ञांचा, संरक्षणमंत्री जगजीवनराम यांना ऐनवेळी कळलं. पोखरणला खड्डा खणायला मात्र लष्कराचे इंजिनियर.

नंतर पण बराच काळ आपल्या शस्त्रांचे तुकडे वेगवेगळ्या घरी ठेवलेले, गाभा अणुऊर्जा खात्याकडे, बाकीची जोडणी डीआरडीओकडे, विमान-क्षेपणास्त्र सैन्याकडे. ट्रुमनच्या काळी अमेरिकेत होतं साधारण तसंच की. रीतसर कमांड अथॉरिटी जाहीर झाली ती ४ जानेवारी २००३ ला, म्हणजे पोखरण-२ नंतर साडेचार वर्षांनी. वापराचा हुकूम फक्त पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची राजकीय परिषद देऊ शकते. पण अण्वस्त्रं घेऊन फिरणारी अरिहंत पाणबुडी गस्तीवर गेली (२०१८ मध्ये सरकारने सांगितलं) की सुटे तुकडे हा प्रकार संपला, समुद्राखाली गाभा आणून द्यायला मुंबईहून कोण जाणार? आपल्याकडे यावर बोललं जायला हवं, फक्त ट्रम्पच्या अणुहुकुमाच्या ब्रीफकेसवर नाही.

निवांत_पाटील
जबरदस्त माहिती, सगळ्यांना धन्यवाद. पण चिंचेचं_झाड यांचा प्रश्न राहिलाच ना. राष्ट्राध्यक्षच ठिकाणावर नसेल तर खालचा माणूस नाही म्हणू शकतो का?

रिकामा_वेळ
हा प्रश्न एकाने विचारला होता. मेजर हॅरल्ड हेरिंग, व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरमधून माणसं सोडवून आणणारा, साधासुधा नाही. १९७३ मध्ये व्हॅन्डनबर्ग तळावर क्षेपणास्त्राचं ट्रेनिंग घेताना त्याने वर्गात विचारलं की मला मिळालेला हुकूम शुद्धीवर असलेल्या राष्ट्राध्यक्षाचा आहे हे मला कसं कळणार. निक्सनचे दिवस होते, प्रश्न अगदीच हवेतला नव्हता. हवाईदलाने उत्तर दिलं नाही, ते माहीत असणं तुझं काम नाही म्हणाले आणि नोकरीवरून काढला. पुढे तो ट्रक चालवायचा.

खाली बंकरमध्ये किल्ली फिरवायला दोन माणसं लागतात, शस्त्राला हात लावायचा तरी दोन माणसं. एकटा माणूस चालतो तो फक्त सगळ्यात वर.

आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सेनेटच्या समितीने यावर सुनावणी घेतली, चाळीसेक वर्षांत पहिली. तिथे जनरल केहलर, आधी सगळ्या अण्वस्त्रांचे कमांडर होते, म्हणाले की हुकूम बेकायदा वाटला तर आम्ही थांबून प्रश्न विचारू. एका सेनेटरने विचारलं, मग पुढे काय होणार? तर नक्की सांगता येत नाही म्हणाले, हशा पिकला तिथे. काँग्रेसने युद्ध पुकारल्याशिवाय राष्ट्राध्यक्षाने पहिला अणुहल्ला करू नये असं विधेयक सेनेटर मार्की आणि प्रतिनिधीगृहाचे सदस्य ल्यू दोघं पुन्हा पुन्हा मांडतात, अजून पास झालेलं नाही.