अनुभव धागा: गाडी तापली, बॉनेट उघडलं, काय निघालं?

काटा वर सरकायला लागला की आधी खर्चाची धास्ती वाटते आणि एखादा पार्ट बदलून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं करू नका. गाडी तापते एवढ्यावरून काहीच कळत नाही, ती कधी तापते ते बघा. उभी असताना की पळताना? चढावर की सपाटीवर? सुरू केल्याकेल्या की तासाभरानं? निम्मं निदान तिथेच होतं. म्हणून या धाग्यात प्रत्येकानं लक्षण काय होतं, घरी काय तपासलं आणि शेवटी काय निघालं, हे तिन्ही लिहावं. नुसतं ‘अमुक बदललं, बरं झालं’ वाचून पुढच्याला काही हाती लागत नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी पाळायची. इंजिन गरम असताना रेडिएटरचं (कूलंट गार करणारी पुढची जाळी) किंवा कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीचं झाकण उघडायचं नाही. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असं कूलंट झाकणाच्या दाबाखाली साधारण १२५ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि तेच कूलंट उसळून तोंडावर येतं. वरचा जाड पाइप गार लागला, दाबल्यावर मऊ लागला, की मगच झाकणाला हात लावा.

———

माझी गाडी गर्दीत उभी राहिली की काटा चढायचा, मोकळ्या रस्त्याला लागली की थोड्या वेळात जागेवर. पळताना वारा समोरून रेडिएटरमध्ये घुसतो, उभं असताना ते काम पंख्याला करावं लागतं. म्हणजे संशय पंख्यावर. इंजिन गार असताना एसी लावून पाहिला. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा फिरायला लागतो, माझा ढिम्म. फ्यूज शाबूत होता. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर आतून नकाशा असतो, त्यात हॉर्नचा रिले (मोठा प्रवाह चालू-बंद करणारा छोटा विजेचा स्विच) शोधला. त्यावरचा नंबर पंख्याच्या रिलेसारखाच होता, म्हणून दोन्हींची अदलाबदल केली. पंखा सुरू, हॉर्न बंद. रिलेच गेला होता.

पण इथे थांबू नका. जुना रिले उलटा करून पाहिला तर एका पायाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडून फुगलेलं, आणि पाय काळपट. खालच्या सॉकेटमधली पकड सैल झाली की तिथे ठिणग्या पडतात, उष्णता साठते आणि रिले भाजतो. त्या सॉकेटात नवा रिले बसवला तर तोही काही महिन्यांत तसाच जाणार. मी ते टर्मिनलही बदलून घेतलं. आणखी एक, कित्येक गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा आपोआप फिरू शकतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडल्याशिवाय पात्यांच्या जवळ हात नेऊ नका.

———

आमचं नेमकं उलटं. गावात ठीक, वेगात तापायची. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत चिखल, किडे आणि पालापाचोळ्याचा थर बसला होता. समोरून टॉर्च मारून काही दिसत नाही, वरची पट्टी काढून फटीत बघावं लागतं. साध्या पाइपनं, कमी जोरानं, इंजिनच्या बाजूनं बाहेर पाणी मारलं. प्रेशरनं मारलं तर नाजूक फिन वाकतात आणि हवेचा रस्ता आणखी बंद होतो.

———

तापण्याबद्दल सगळे लिहिताहेत, मी न तापण्याबद्दल लिहिते. थंडीत माझ्या गाडीचा काटा अर्ध्यापर्यंत चढायचाच नाही, हीटर कोमट आणि ॲव्हरेज घसरलेलं. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावला तर मोकळ्या रस्त्यावर कूलंट साठ-पासष्ट अंशांच्या वर जाईना. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा भाग) काढला. पूर्ण गार असूनही त्याची झडप अर्धवट उघडी होती, कडेला क्षार साचून अडकलेली. नवा बसवण्याआधी पातेल्यात पाणी घेऊन, तळाला न टेकवता दोऱ्यानं टांगून तापवला, सोबत थर्मामीटर. त्यावर ८२ छापलेलं होतं. त्याच सुमाराला झडप हलली आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडली. आतलं मेण वितळून फुगतं आणि झडप ढकलतं, ते असं डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा विसरत नाही.

‘थर्मोस्टॅट काढूनच टाका, गाडी तापणारच नाही’ हा सल्ला मला अनेकांनी दिला. कृपा करून कोणी ऐकू नका. इंजिन गारच राहिलं की कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो, ते सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि झीज वाढते. अडकलेली झडप बदलायची असते, काढून फेकायची नसते.

———

ताईंच्या अनुभवाला जोडून: थर्मोस्टॅट बदलल्यावर किंवा कूलंट काढून भरल्यावर गाडी तापली तर नव्या पार्टला दोष देण्याआधी कूलंटमध्ये अडकलेली हवा काढा. लक्षण अगदी स्पष्ट असतं. काटा वर, पण हीटरमधून गार वारा आणि डॅशबोर्डच्या मागून खळखळ आवाज. गाडीचं नाक थोडं उंच करून, इंजिन गार असतानाच झाकण काढून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून सुरू करायची आणि सुरुवातीलाच वरचा पाइप हळूहळू दाबत राहायचं. बुडबुडे येतात, पातळी खाली जाते, पुन्हा भरायचं. काही गाड्यांत हवा काढायला वेगळा स्क्रू असतो, तो आधी शोधा.

———

कूलंट कमी होत होतं आणि जमिनीवर थेंबही नाही. समोरच्या काचेला आतून सतत तेलकट वाफ धरायची, गोडसर वास यायचा. शेजारच्या सीटसमोरची गादी उचलली तर खालचा फोम ओला. एसीचं पाणीही तिथे साचू शकतं, पण ते बोटांना बुळबुळीत लागत नाही आणि त्याला वास नसतो. हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा, हीटरला उष्णता देणारा छोटा रेडिएटर) गळत होता. ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, कुत्री-मांजरी ते चाटतात. सांडलेलं लगेच पुसा, काढलेलं झाकणाच्या डब्यात ठेवा.

———

हेड गॅस्केटचा (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचा) अनुभव सविस्तर लिहितो, कारण यात घाबरून भलतं निदान करणारे फार. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट-पांढरा साय दिसला की लोक लगेच ‘गॅस्केट गेलं’ म्हणतात. थंडीत गाडी थोडं-थोडंच चालत असेल तर दमटपणानंही तसा थर येतो. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून बघा. तिथलं ऑइल स्वच्छ असेल तर आधी बाकीच्या तपासण्या करा.

माझ्या गाडीत डिपस्टिक स्वच्छच होती, तरी गॅस्केट गेलेलं होतं, आणि ते कळलं पाइपवरून. सकाळी गार इंजिन सुरू केलं आणि एक-दोन मिनिटांत वरचा पाइप टणक झाला. एवढ्यात कूलंट तापून फुगणं शक्य नाही, म्हणजे दाब सिलिंडरमधून येतोय. दुसऱ्या दिवशी गार असतानाच झाकण काढून सुरू केली. अडकलेल्या हवेचे बुडबुडे थोड्या वेळानं थांबतात, हे थांबेनात. शेवटी टाकीच्या तोंडावर धरायचा टेस्टर आणला. त्यातलं निळं द्रव जळलेल्या वायूनं पिवळं पडतं. पडलं.

हेड उतरवणं मी घरी केलं नाही. गॅरेजला नेलं ते टो करून, चालवत नाही. हेड ॲल्युमिनियमचं असतं, तापून वाकलं असेल तर नवं गॅस्केट टिकत नाही. म्हणून पृष्ठभाग सरळ आहे का ते तपासायला आवर्जून सांगा.

आणि हे लक्षात ठेवा: तापलेल्या गाडीचा काटा अचानक खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. कूलंट इतकं कमी झालेलं असू शकतं की सेन्सर कोरडा पडलाय. तत्काळ बंद करा.

———

कूलिंगचं नाही, इंजिनचं आहे. गाडी मिसिंग मारत होती (एका सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नव्हतं), स्कॅनरवर कोड पी ०३०२, म्हणजे दुसरा सिलिंडर. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या इग्निशन कॉइलची (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या भागाची) अदलाबदल केली. कोड ०३०३ झाला, म्हणजे कॉइलच. कोड हलला नसता तर प्लग, मग इंजेक्टर. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर चालवू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन तो जळतो.

———

स्कॅनर असेल त्यांनी रात्रभर उभ्या गाडीची चावी सकाळी फक्त ऑन करावी, इंजिन सुरू न करता. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसायला हवं. माझ्याकडे दोन्हींत खूप अंतर होतं. कूलंटचा आकडा शून्याच्या खाली, आणि गाडी गरम असतानाही पेट्रोलचा वास. सेन्सरचा प्लग काढला तर एका पिनेवर हिरवट गंज. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, मऊ ब्रशनं घासून, क्लिप ‘टक’ होईपर्यंत दाबून बसवला. आकडे जुळले, सेन्सर बदलावा लागला नाही.