पाळीच्या तारखेने साडेसात आठवडे, सोनोग्राफीत सहाच – बाळ वाढत नाही का?

गुऱ्हाळघरची
पहिलटकरीण आहे. काल शाहूपुरीत सोनोग्राफी केली. पाळीच्या तारखेने ७ आठवडे ४ दिवस हवे होते, रिपोर्टमध्ये ६ आठवडे १ दिवस आलेत. ठोके दिसले, पण बाळ जेमतेम ४ मिलिमीटर. डॉक्टरीणबाईंनी दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. त्यांनी नीट समजावलंही असेल, माझ्या कानात मात्र 'लहान आहे' एवढंच राहिलं.

करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे, हंगाम जोरात चाललाय. काहिलीतल्या रसाच्या वासावर मी लहानाची मोठी झाले, आता त्यानंच पोटात ढवळतं. चार-पाच उलट्या रोजच्या. रात्री तीनदा लघवीला उठते, दुपारी बसल्या जागी डोळा लागतो. सासूबाई गूळ-शेंगदाणे देतात, रक्त वाढेल म्हणून. तेही पडतं. मी खात नाही म्हणून बाळ खुंटलं का?

उत्तरेश्वरची पोरगी
पाळी किती दिवसांनी येते तुझी?

गुऱ्हाळघरची
३८ दिवसांनी. लग्नाआधीपासून तशीच.

माईआजी
अगं, मग घाबरतेस कशाला! मी बरीच वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते, हा हिशेब कितीजणींना करून दिलाय. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, तेही २८ दिवसांची पाळी आणि चौदाव्या दिवशी बीज सुटतं असं धरून. तुझं सुटलं असणार चोविसाव्या दिवसाच्या आसपास. दहा दिवस वजा कर, बरोबर ६ आठवडे १ दिवस येतात. त्या वयाला ४ मिलिमीटर ठीकच आहे. इथून पुढं बाळ रोज साधारण एक मिलिमीटर वाढतं, म्हणून दोन आठवडे थांबायचं. पक्कं तेव्हाच कळेल, पण आज तरी वाईट काही दिसत नाही.

आणि तुझ्या न खाण्यानं काही खुंटलेलं नाही. इतक्या लहान जिवाला लागतं ते किती! वार अजून पुरती तयार व्हायचीय, तोवर योक सॅकचाही, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या छोट्या पिशवीचाही, आधार असतो. पेंग येते ती प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळं, उलट्या बहुतेकींच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कमी होतात. अंथरुणातून उठायच्या आधी मूठभर चुरमुरे खा. सासूबाईंचा गूळ नंतर खाशील, फॉलिक अॅसिडची गोळी मात्र चुकवू नको, बाळाचा मेंदू आणि मणका घडतोय. पाणीसुद्धा टिकेना, लघवी कमी आणि गडद झाली, रक्त दिसलं किंवा एका बाजूला जोराची कळ आली, तर तारखेची वाट न बघता दवाखाना गाठ.

गुऱ्हाळघरची
माई, आज जाऊन आले. ८ आठवडे १ दिवस, १७ मिलिमीटर, ठोके मिनिटाला १६८! बाळंतपणाची तारीख दहा दिवस पुढं गेली. पडद्यावर तो ठिपका लुकलुकताना बघून मला रडूच आलं. उलट्या आहेतच. सासूबाईंनी काहिलीपासून लांब, मागच्या सोप्यात माझ्यासाठी बाज टाकून दिलीय.