रिममध्ये पाणी डुचमळतंय, काढायचं कसं?

पेडलमारू
भर पावसात सायकल चालवली की नंतर मागचं चाक हाताने हळू फिरवताना आतून पाणी डुचमळल्याचा आवाज येतो. वेगात फिरवलं की आवाज बंद. डबल वॉल (दोन भिंतींमध्ये पोकळी असलेली) अ‍ॅल्युमिनियम रिम, ३२ स्पोक (तारा), ट्यूबवाला टायर, प्रेस्टा (बारीक) व्हॉल्व्ह. सायकल नुसती उभी ठेवून काही फरक पडत नाही. ज्या भोकांतून पाणी आत गेलं त्याच भोकांतून बाहेर का येत नाही? रिमला एखादं भोक पाडावं का?

तारवाला
भोक अजिबात पाडू नका. रिम तिथे कमजोर होते, आणि स्पोकच्या बाजूला पाडलंत तर उपयोगही नाही.

पाणी निपलच्या (स्पोक रिमला आवळून धरणाऱ्या छोट्या नटच्या) भोवतीच्या फटीतून, व्हॉल्व्हच्या भोकातून आणि रिमच्या जोडातून शिरतं. चाक उभं असताना ते पोकळीत सगळ्यात खाली, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर साचतं. तिथे निपलची भोकं पाण्याच्या वर राहतात, आणि खालच्या भिंतीची भोकं रिम टेपने (ट्यूबखाली रिमवर लावलेल्या पट्टीने) झाकलेली. मग निथळणार कुठून? वेगात तेच पाणी बाहेरच्या भिंतीला चिकटून चाकासोबत फिरतं, म्हणून आवाज येत नाही.

तेव्हा टायर, ट्यूब आणि टेप तिन्ही काढा. चाक उभं धरा, व्हॉल्व्हचं भोक तळाशी आणा आणि दोन्ही दिशांनी थोडं थोडं डोलवा. काही रिमच्या जोडात आतून धातूचा तुकडा बसवलेला असतो, पाणी त्याच्या एका बाजूला अडकून राहतं. म्हणून एक पूर्ण फेरी सावकाश फिरवा, प्रत्येक भोक तळाशी आलं की क्षणभर थांबा. मग टेपशिवाय रात्रभर हवेशीर जागी टांगा. कार्बन रिम असेल तर हीट गन लावू नका.

पेडलमारू
टेप तीच परत लावू का? आणि पाणी राहिलंच तर बिघडतं काय?

तारवाला
कापडी टेप पूर्ण वाळली आणि कुठे विरली नसेल तर चालेल. चिकटपट्टीवाली एकदा उचकटली की नवीनच लावा. आधी रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, टेप ताणून लावा, शेवटी १० सेंमी एकावर एक येऊ द्या.

बिघडतात ते निपल. अ‍ॅल्युमिनियमच्या निपलवर पांढरी भुकटी धरते, ते स्पोकच्या आट्यांत जाम होतात आणि चाक ट्रू करायला (स्पोक आवळून-सैल करून सरळ करायला) गेलं की डोकं तुटतं. कार्बन रिममध्ये हे आणखी लवकर होतं, कारण कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. पितळी निपल बरेच टिकतात. टेप काढलीच आहे तर प्रत्येक निपलच्या डोक्यावर पातळ तेलाचा एकच थेंब सोडा. मात्र तेल ब्रेक पॅड घासतो त्या पट्टीवर आणि टेपच्या जागेवर राहता कामा नये.

पाना_१५
एक पुरवणी. आवाज डुचमळण्याऐवजी खडखड असा असेल तर आत धातूचा कीस किंवा तुटलेल्या निपलचा तुकडा आहे. ट्यूबलेस चाकात मात्र डुचमळणं म्हणजे बहुतेकदा सीलंटच (पंक्चर बुजवणारा द्रव).

रिममध्ये पाणी जाण्याइतकं भिजलं असेल तर हबही (चाकाचा मधला भाग) बघा. चाक काढून अ‍ॅक्सल बोटांनी फिरवा. खरखर लागली किंवा ग्रीस दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी आत गेलंय. कप-कोनच्या (सुट्या छर्ऱ्यांच्या) हबमध्ये जुने छर्रे पुसून परत घालू नका, नवे घाला. मागच्या हबला सहसा एका बाजूला ९, पाव इंची. पुढच्याला सहसा १०, ३/१६ इंची, तरी काढताना मोजून ठेवा. क्विक रिलीज (खटक्याने चाक आवळायची सोय) असेल तर कोन (छर्ऱ्यांना दाबून धरणारे शंकूसारखे नट) आवळताना अगदी किंचित खेळ (ढिलेपणा) ठेवा, चाक बसवून आवळलं की तो जातो.

आणि धुताना प्रेशरचा फवारा हबवर किंवा निपलवर रोखू नका. बादली आणि ब्रश पुरतो.