शोकनायकाबद्दल वाटते ती 'सहानुभूती'च का?

प्रश्न : आधुनिक शोकात्मिकांवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. नायकाबद्दल प्रेक्षकाला वाटणारी 'सिंपथी' त्यात दर परिच्छेदात येते. 'सहानुभूती' लिहीत गेले, पण वाचताना प्रेक्षक नाटकाला नव्हे, सांत्वनाला आलेत असं वाटतं. कीव, कणव, अनुकंपा, करुणा यांतलं काय चालेल?

प्रतिसाद : 'कीव' आधी बाद करा. कीव करणारा नेहमी एक पायरी वर उभा असतो. 'दये'चंही तेच. दया दाखवायला हाती काहीतरी असावं लागतं, आणि प्रेक्षकाच्या हाती रंगमंचावरचं काहीच नसतं. 'अनुकंपा' मुळात सुंदर शब्द, दुसऱ्याच्या कंपाबरोबर आपणही कापणं. पण सरकारी कागदांनी तो 'अनुकंपा तत्त्वावर नोकरी'त अडकवून ठेवलाय. 'करुणा' मला सगळ्या जीवांसाठी सारखी वाटते, एका चुकलेल्या माणसापुरती नाही.

उरली कणव. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या दोन भावना सांगितल्या, इलिऑस आणि फोबॉस. माणसाच्या वाट्याला नाहक दुःख आलं की पहिली, आणि तो आपल्यासारखाच आहे म्हणून दुसरी, म्हणजे भीती. इलिऑसला कणव छान बसते.

प्रतिसाद : ग्रीक नायकाला बसेलही, आधुनिक नायकाला कणव अपुरी पडते. कणव निरागसाची येते, लेकराची, मुक्या जनावराची. आर्थर मिलरच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन'मधला (१९४९) विली लोमन कुठे निरागस आहे? बायकोला फसवतो, मुलांच्या डोक्यात भलती स्वप्नं भरतो. शेजारचा चार्ली देऊ करतो ती नोकरी मानापायी नाकारतो, आणि त्याच्याचकडून उसने घेतलेले पैसे घरी कमाई म्हणून देतो. राग येतो हो त्याचा! पण शेवटी त्याच्या थडग्यापाशी बायको लिंडा सांगते की घराचा शेवटचा हप्ता आज फेडला, तेव्हा आपलं जे होतं त्याला मराठीत साधा शब्द आहे : हळहळ.

हळहळीत 'असं व्हायला नको होतं' आहे, 'टाळता आलं असतं' आहे, आणि चूक त्याचीच होती हे विसरणं मात्र नाही. शिवाय क्रियापद आयतं मिळतं, प्रेक्षक हळहळतो. सहानुभूतीला 'व्यक्त करणे', 'दाखवणे', 'मिळवणे' असली जोडकामं करावी लागतात, म्हणूनच ती शोकसभेतली वाटते.

प्रतिसाद : हळहळ पटली, पण ती सगळं घडून गेल्यावरची. पहिल्या अंकापासून आपण त्याच्या बाजूने असतो, त्याचं काय? तिथे 'जीव गुंतणं' म्हणा. जर्मन नाटककार ब्रेख्तला खटकायचं ते हेच गुंतणं. प्रेक्षकाने पात्रात विरघळून जाऊ नये, अंतर राखून विचार करावा, असं त्याचं म्हणणं. लेखात ब्रेख्त आला तर मात्र 'तादात्म्य' किंवा 'समानुभूती' लिहा, तिथे हळहळ घातलीत तर वादाचा मुद्दाच हुकेल.

प्रतिसाद : 'ट्रॅजेडी'ला शोकात्मिका लिहिलंत, बरं केलंत. शोकांतिका म्हटलं की शेवट शोकात झालाच पाहिजे, आणि ग्रीक नाटककार एस्किलसच्या 'ओरेस्टिया'चा शेवट समेटात होतो.

प्रश्नकर्ती : आभार. 'सहानुभूती' दोनच ठिकाणी ठेवली, बाकी कुठे हळहळ, कुठे जीव गुंतणं. आता अडलंय ते 'सिंपथेटिक हीरो'पाशी. 'सहानुभूतीपूर्ण नायक' कसं वाटतं?

प्रतिसाद : अर्थ उलटा झाला! सहानुभूती प्रेक्षकाला वाटायची, तुम्ही ती नायकालाच देऊन टाकलीत. 'जीव लावणारा नायक'चीही तीच गत, तोच दुसऱ्यांना जीव लावत फिरेल. शेवटाबद्दल बोलायचं असेल तर 'चटका लावून जाणारा', आणि एकूण नाटकभरासाठी 'दोषांसकट आपलासा वाटणारा नायक'. लांब आहे, पण 'दोषांसकट' गाळू नका.