टचस्क्रीनच्या पुरवठ्याला ‘ऑलवेज-ऑन’ लावायचं आणि मोकळं व्हायचं?

रात्रपाळी
काल एका नवख्याला इथे सल्ला मिळाला: “टच मरतो? डिव्हाइस ट्रीमध्ये त्या एलडीओला रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन लाव, विषय संपला.” राहवलं नाही म्हणून लिहितोय. एलडीओ म्हणजे व्होल्टेज ठरवून चिपला वीज देणारा छोटा रेग्युलेटर; ही ओळ लावली की तो कधीच बंद होत नाही. डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय हे लिनक्स कर्नलला सांगणारी फाइल; त्यात बोर्ड जसा आहे तसा लिहायचा असतो. गुडिक्स कंपनीच्या टच-चिपला दोन पुरवठे लागतात, एव्हीडीडी२८ आणि व्हीडीडीआयओ. ते टचच्या नोडमध्ये (ट्रीतल्या त्याच्या नोंदीत) लिहिले की ड्रायव्हर स्वतः चालू करतो. नाही लिहिले तर कर्नल त्याच्या हातात डमी, म्हणजे नुसता नावाचा, रेग्युलेटर देतो. बूटलोडरने (कर्नलच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमने) एलडीओ चालूच ठेवलेला असतो, म्हणून प्रोबही होतो, म्हणजे ड्रायव्हरला चिप सापडते. मग साधारण ३० सेकंदांनी कर्नल बघतो, हा एलडीओ कोणीच मागितलेला नाही, आणि बंद करतो. टच अर्धा मिनिट चालून मेला, ते यामुळे. याच लक्षणापायी मी आठ रात्री घालवल्या. केबल बदलली, पॅनेल बदललं. लॉगमध्ये ‘डमी रेग्युलेटर’ पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं.

चिंचवडकर_एम्बेडेड
सल्ला माझाच. बोर्ड कसा असावा हे तुम्ही सांगताय, माझ्या हातात आला तो वेगळाच होता. झोपताना ड्रायव्हरने व्हीडीडीआयओ बंद केला, पण आयटूसीचे (चिपशी बोलायच्या दोन तारांच्या बसचे) पुल-अप, म्हणजे त्या तारा वर धरणारे रोधक, दुसऱ्या रेलवर, म्हणजे दुसऱ्या पुरवठ्यावर. पिनांच्या संरक्षक डायोडमधून करंट आत झिरपला, चिप अर्धमेली, बसची डेटाची तार, एसडीए, खाली ओढून बसली. त्याच बसवरचा अ‍ॅक्सेलरोमीटरही गेला. ऑलवेज-ऑन लावलं, थांबलं. सोमवारी माल जाणार होता.

रात्रपाळी
मग ती सर्किटची चूक आहे. त्या ओळीवर कॉमेंट लिहून ठेवायची, सहा महिन्यांनी येणाऱ्याला कळायला नको? आणि तीच ओळ दुसऱ्याला औषध म्हणून द्यायची?

सर्किट_काकू
अहो, पण कुठला एलडीओ ते कळणार कुठून? दोघेही सर्किटचा नकाशा समोर असल्यासारखे भांडताय. मी एका जुन्या फोनवर पोस्टमार्केटओएस, म्हणजे फोनसाठीचं लिनक्स, चढवत होते. कंपनीला तीनदा मेल केला, उत्तर नाही. शेवटी मल्टिमीटर घेऊन अंदाजाने बसले. १.८ व्होल्टच्या रेलला ३.३ व्होल्ट लिहिले आणि टचची चिप जाळली. तसं पॅनेल आता मिळत नाही.

तारतम्य
कर्नलच्या जीपीएल लायसन्सखाली त्याचा सोर्स मागा. कंपनीच्या जुन्या कर्नलमध्ये टचच्या नोडला रेग्युलेटर जोडलेला असतो, व्होल्टेजसकट.

सर्किट_काकू
मागितला. मिळाला तो दुसऱ्याच मॉडेलचा! जीपीएलने सोर्स मागायचा हक्क दिला, नकाशा मागायचा नाही, आणि दुरुस्ती करणाऱ्याला नकाशाच लागतो. माझ्या दुकानात महिन्याला कितीतरी फोन केवळ यासाठी भंगारात जातात.

चिंचवडकर_एम्बेडेड
नकाशा दिला की महिनाभरात नक्कल बाजारात येते. आमचा एक बोर्ड असाच उचलला गेला. त्याचं कोणी बोलत नाही.

सर्किट_काकू
नक्कल करणारा बोर्ड उघडून, घासून थर मोजतो. त्याला नकाशा लागत नाही. अडतो तो गिऱ्हाईक आणि मी. हे कारण पुन्हा माझ्यासमोर सांगू नका.

तारतम्य
आवाज खाली. मूळ मुद्द्यावर रात्रपाळींचंही पूर्ण बरोबर नाही. आता बऱ्याच पॅनेलमध्ये टच आणि डिस्प्ले एकाच रेलवर असतात, आणि कोण आधी उठणार याचा क्रम ठरलेला असतो. नोडमध्ये दोन ओळी लिहून ते सुटत नाही. म्हणूनच २०२३ मध्ये कर्नलमध्ये पॅनेल फॉलोअर आलं, पॅनेल चालू-बंद होईल तसा टच मागोमाग. शिवाय दोनदा टॅप करून स्क्रीन जागी करायची असेल तर झोपेतही टचचा पुरवठा लागतोच.

रात्रपाळी
टॅपचं मान्य. पण तिथेही डिव्हाइसला वेकअप-सोर्स (झोपेतून जागं करणारं) म्हणा, म्हणजे चालू का ठेवलंय ते ड्रायव्हरला कळतं. ऑलवेज-ऑनने ड्रायव्हरला काहीच कळत नाही, तो बंद करतो नि समजतो बंद झालं. फॉलोअर मी वापरलेलं नाही, तेवढं तुमचं खरं.

चिंचवडकर_एम्बेडेड
ठीक. नवख्याला आधी लॉगमध्ये डमी शोध म्हणायला हवं होतं, तेवढं मागे घेतो. दोन्ही सप्लाय लिहूनही टच मेला तर पुल-अप कुठल्या रेलवर आहेत ते बघ. आणि तिथेही चूक बोर्डाचीच निघाली, तर मी ऑलवेज-ऑनच लावणार. कॉमेंट लिहीन.