इटलीतली बेचिराख गावं: जाणाऱ्यांसाठी पक्की माहिती (अनुभव धागा)

आपल्या महसुली दप्तरात वस्ती उठून गेलेल्या गावापुढे 'बेचिराख' असा शेरा असतो. इटलीच्या डोंगरांतही अशी गावं पुष्कळ. छायाचित्रं सगळीकडे सापडतात. तिथे पोहोचायचं कसं, आत कुठपर्यंत जायचं आणि घोळ कुठे होतो हे कुणी लिहीत नाही. जाणकारांनी इथे लिहावं. प्रवासवर्णन नको, कामाचं तेवढं.

सुरुवात म्हणून एकच सांगते. गाव का उठलं ते आधी शोधा. दरडीने उठलेल्या गावाची जमीन अजूनही सरकत असते. भूकंपाने उठलेल्या गावात भिंती उभ्या दिसतात, पण कोपऱ्यांचे सांधे सुटलेले असतात. पुराने उठलेल्या गावाचा बहुधा रस्ताच धड नसतो.

* * *

पहिला घोळ नकाशावर होतो. जुनं गाव सोडताना लोकांनी नव्या गावाला तेच नाव दिलं, त्यामुळे नुसतं 'रोगूदी' (इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियातलं गाव) टाकलंत तर गाडी समुद्रकाठच्या मेलितोजवळच्या नव्या रोगूदीत नेऊन सोडेल. जुनं गाव तिथून सुमारे ४० किलोमीटर आत, आस्प्रोमोंतेच्या डोंगरात आहे. नावापुढे 'वेक्यो' किंवा 'वेक्या' (जुनं) लावून शोधा, आणि तरीही उपग्रहाच्या चित्रात छपरं आहेत की नाहीत ते बघून घ्या. छपरं धडधाकट दिसली तर ते नवं गाव.

* * *

क्राकोबद्दल (बासिलिकाता, मातेराहून गाडीने साधारण तासभर). १९६३ ला दरड सरकली आणि लोकांना खाली क्राको पेस्किएरात हलवलं. मुळात टेकडी चिकणमातीची. त्यात सांडपाण्याच्या आणि नळाच्या कामांनी भर घातली असं मानतात. १९७२ चा पूर आणि १९८० चा भूकंप यांनी उरलंसुरलं संपवलं.

इथे मोकळं फिरता येत नाही. कुंपण आहे, तिकीट आहे, वाटाड्या सोबत असतो, डोक्यावर हेल्मेट घालावं लागतं आणि ठरलेल्या वाटेवरूनच जायचं असतं. वेळ आधी ठरवा, आणि निघायच्या दिवशी सकाळी फोन करून खात्री करा, कारण पावसात फेऱ्या रद्द होतात. सपाट तळाचे बूट नकोत. आजूबाजूच्या 'कलांकी', म्हणजे पावसाने चिरत गेलेल्या मातीच्या घळी, कोरड्या असताना दगडासारख्या वाटतात. भिजल्या की बुटाला किलोभर चिखल चिकटतो आणि उतारावर पाय ठरत नाही. गाडी डांबर सोडून खाली उतरवू नये, हेही त्याच कारणाने.

* * *

घरात का शिरू नये, हे नीट समजून घ्या. 'पडेल' एवढंच म्हटलं की कुणी ऐकत नाही.

दक्षिणेकडच्या जुन्या घरांत लाकडी तुळयांची टोकं दगडी भिंतीत रुतवलेली असतात. छप्पर गेलं की पाणी भिंतीतून झिरपतं आणि तुळई आधी त्या टोकाशी कुजते. मधला भाग टणक दिसतो, वाजवला तर आवाजही चांगला येतो, आणि पाय टाकला की तुळई टोकातून निसटते. म्हणून वरच्या मजल्यावर जाऊच नये. तळमजल्याला दगडी कमानीचं छत असेल तर धोका दुसरा: वर पडलेल्या राडारोड्याचा सगळा भार त्याच्यावर असतो. अंजिराची झाडं भिंतीत मुळं घालतात आणि चुन्याचा दर्जा आधीच उतरलेला असतो. पाऊस थांबल्यावर लगेच ऊन पडलं म्हणून आत जायला धावू नये. भिजलेल्या भिंती पुढचा दिवस-दोन दिवसही ढासळतात.

तिसरी गोष्ट टाक्यांची. अंगणात, कधी घरातही, पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या असतात. त्यांच्या तोंडावरच्या फळ्या कुजतात आणि वर काटेरी झुडपं माजतात. जिथे जमीन दिसत नाही तिथे काठीने चाचपल्याशिवाय पाऊल नको.

'पेरिकोलो दि क्रोल्लो' म्हणजे ढासळण्याचा धोका. त्याखाली 'ओर्दिनान्झा' आणि क्रमांक असेल तर तो महापौरांचा हुकूम आहे, मोडला तर दंड होऊ शकतो. पडकं घर बेवारस असतं असंही नाही. वारसदार बहुतेकदा हयात असतात.

* * *

पहिल्यांदाच जाणाऱ्याने रोश्चिन्यो वेक्यापासून सुरुवात करावी (कंपानिया, चिलेंतो राष्ट्रीय उद्यानात). जमिनीखालच्या पाण्यामुळे गाव सरकत होतं. १९०२ आणि १९०८ ला स्थलांतराचे हुकूम निघाले, आणि लोक हळूहळू वरच्या नव्या गावात गेले. म्हणून इथे एका रात्रीत मोडलेलं काही नाही. चौक, चर्च, कारंजं, घरांच्या रांगा जागच्या जागी आहेत. चौकात मोकळेपणी फिरता येतं, घरं मात्र बंद. भूकंपाचं रूप बघायचं तर त्याच प्रांतातलं रोमान्यानो आल मोंते, २३ नोव्हेंबर १९८० ला उठलेलं. तिथे आधी बंदी आहे का ते विचारून जा.

रोमहून एका दिवसात व्हावं असं हवं असेल तर मोंतेरानो. संरक्षित क्षेत्र आहे, प्रवेश फुकट. १७९९ मध्ये फ्रेंच सैन्याने लुटल्यावर गाव उठलं. सान बोनावेंतुराचं चर्च शिल्पकार-वास्तुकार बेर्निनीच्या आराखड्याचं. छप्पर नाही आणि मधोमध अंजीर उभं आहे. मांझियानापर्यंत रेल्वे आहे, पण पुढचे काही किलोमीटर पायी किंवा गाडीने. वाटेत गंधकाचे झरे लागतात, कुजक्या अंड्यासारखा वास येईल, घाबरू नका.

* * *

सिसिलीत 'बेलीचे' नावाच्या खोऱ्यात १४-१५ जानेवारी १९६८ च्या रात्री भूकंप झाला. जिबेल्लीना गावाचे अवशेष कलाकार आल्बेर्तो बुर्री यांनी पांढऱ्या काँक्रीटखाली झाकले: माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीचे ठोकळे, मधून जुन्या गल्ल्यांसारख्या वाटा. काम १९८४ ला सुरू झालं, उरलेला भाग २०१५ ला पुरा झाला. सुमारे आठ हेक्टरांत झाड नाही की नळ नाही, आणि पांढरं काँक्रीट ऊन परत तोंडावर मारतं. जून ते सप्टेंबर सकाळी नऊच्या आत नाहीतर संध्याकाळी. माणशी दीड लिटर पाणी. जवळच पोज्जोरेआलेचे खरे अवशेष आहेत. दोन्ही एका दिवसात होतात, मात्र स्वतःची गाडी हवी.

* * *

गाडीबद्दल: भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढा. लहानात लहान गाडी घ्या. रोगूदीसारख्या रस्त्यांवर एकाच गाडीची रुंदी असते. वळणावर हॉर्न द्या. चढावरच्या गाडीला बाजूला घ्यायला जागा नसेल, तर उतरणाऱ्याने थांबून कडेला घ्यायचं, असा तिथला नियम आहे. पेट्रोल खालच्या मोठ्या गावात भरा, दुपारी पंपावर माणूस नसतो आणि यंत्र प्रत्येक कार्ड घेतंच असं नाही.

बसने जाणाऱ्यांसाठी: 'फेरिए' म्हणजे सुट्टी, म्हणून 'फेरिआले' म्हणजे सुट्टीचा दिवस असं वाटतं. तसं नाही. 'फेरिआले' म्हणजे सोमवार ते शनिवार. रविवार आणि सण म्हणजे 'फेस्तीवो'. 'स्कोलास्तिका' लिहिलेली बस फक्त शाळेच्या दिवशी धावते, उन्हाळ्यात नाही. तिकीट तंबाखूच्या दुकानात मिळतं आणि ते दुकान दुपारी बंद असतं, तेव्हा परतीचंही एकदमच घ्या.

* * *

शिकारीचं कुणीच लिहिलं नाही. हंगाम साधारण सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून ३१ जानेवारीपर्यंत, आणि ओसाड गावांभोवतीचं रान म्हणजे रानडुकरांचं घर. १९९२ च्या कायद्याने मंगळवारी आणि शुक्रवारी शिकार बंद असते. शरदात जायचं तर हेच दोन वार धरा. इतर दिवशी केशरी जाकीट घाला, आणि 'बत्तूता' असा फलक दिसला की मागे फिरा, हाका चालू असतो.

कुत्र्यांचंही. मेंढरांजवळची मोठी पांढरी कुत्री अंगावर भुंकत येतात. पळू नका, दगड उचलू नका. थांबा, आणि कळपाला लांबून वळसा घाला. साप (विषारी म्हणजे वायपर) उन्हातल्या दगडांच्या राशीत असतात, हात टेकवण्याआधी बघा. सार्डिनियात वायपर नाहीत, तेव्हा गाइरो वेक्योला जाणाऱ्यांनी ही एक काळजी वजा करावी. ११२ हा आपत्कालीन क्रमांक सगळीकडे चालतो, पण घळीत रेंज जाते. गाडी सोडतानाच त्या जागेचे अक्षांश-रेखांश कागदावर लिहून खिशात ठेवा.